कल्लाप्पाचा डबा

उद्यमबाग, बेळगाव
गुरुवार, दि. २५ सप्टेंबर २०२५

चि. कल्लाप्पास,

आप्पाचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुझ्याकडचं खुशाल कळवावं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इकडे काही ठीक नाही आणि तुझ्याकडचं मला कळलं आहे.

तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस ते बरंच झालं. उचलला असतास तर मी संकेश्वरात पाऊस किती झाला विचारलं असतं आणि ठेवून दिला असता. याआधीचं पत्र मी सासऱ्यांना लिहिलं होतं, लग्न ठरलं तेव्हा, आणि त्यात सहा चुका होत्या असं मंगल अजून सांगते. तेव्हा तूही सांभाळून घे.

आधी शेडची बातमी. भावकू अजून मोठ्या लेथवर आहे. चहात चार चमचे साखर घालतो आणि डॉक्टरला दोन सांगतो. मागच्या पत्र्यातून पाणी गळतंच, तू लावलेली बादली अजून त्याच जागी आहे. आपल्या 'सीमा रेसिंग' टीमचा बोर्ड काढला नाही. सतरा नंबरच्या गाडीची जागा रिकामीच आहे. मध्ये मी तिथं ओतकामाचे साचे ठेवले होते, तासाभरानं मीच उचलले.

पहिली गाडी बाहेर काढली तेव्हा अख्खी गल्ली हसली होती, आठवतं का? चाकं उघडी, वर टप नाही, बसायला जागा एकाची आणि तोही निम्मा आडवा. भावकूच म्हणाला, "आप्पांचं लोखंड संपलं वाटतं, गाडी अर्धीच केलीया." मग नाव कुठल्या लिपीत लिहायचं यावर दोन दिवस वाद. मराठीत लिहिलं तर हे बोलणार, कन्नडमध्ये लिहिलं तर ते बोलणार. तू ब्रश घेतलास आणि नुसता सतरा लिहिलास. म्हणालास, "आकडा सगळ्यास्नी वाचता येतोय." तमिळनाडूच्या ट्रॅकवर मोठमोठ्या टीमवाल्यांनी त्या आकड्याकडं माना वळवून बघितलं. बेळगावच्या शेडमध्ये लेथवर केलेली गाडी पाचवी आली होती. गाडीत माझा स्वरूप होता, एकवीस वर्षांचा. मी त्या दिवशी तुला मिठी मारली होती आणि तुझ्या अंगाला ग्रीस होतं म्हणून नंतर कुरकुर केली होती.

बघ, अजून मूळ गोष्टीला हात घातलेला नाही. माझी खोड तुला माहीत आहे.

सोमवारी निपाणीहून तेजस्वी आली होती. आपली अठरा नंबरची गाडी चालवायची ती. स्वरूपच्या मागून सुरुवात करून दोनदा त्याच्या पुढं गेलेली पोरगी. पुढच्या मोसमात तिला परत उतरायचं आहे आणि आपल्याच गाडीतून. मला न विचारता ती आधी तुझ्याकडं जाऊन आली, उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतोस त्या शेडमध्ये. तू तिला म्हणालास, "फ्रेम करून देतो. इंजिन करून देतो. ब्रेकला हात लावणार न्हाय."

ती तेवढंच सांगून थांबली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं, हेही खरं सांगतो. पण तिनं पुढचं सांगितलं. तू घरी निघालास, ती मागून स्कूटरवर होती. हायवेच्या पुलाचा उतार आला तशी तू मोटारसायकल बंद केलीस, खाली उतरलास आणि हातानं धरून उतारावरून चालत नेलीस. तिला वाटलं पेट्रोल संपलं. तिनं विचारलं तर तू म्हणालास, "माझ्या हातानं आवळलेल्या ब्रेकवर माझा भरवसा न्हाय, पोरी." आणि उतार संपल्यावर परत बसून गेलास.

तेजस्वी माझ्यासमोर रडली. मी तिला पाणी दिलं. मी रडलो नाही, मी नजर चुकवली.

कल्लाप्पा, मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलास. तीन वर्षं मी तसंच धरून चाललो होतो. रागावलेला माणूस निदान ताठ चालतो. तू स्वतःलाच दोषी धरून बसला आहेस हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

तुझा तो डबा माझ्याकडं आहे, स्टीलचा, झाकणावर पोचा आलेला. शर्यतीआधी स्वरूप आणि तेजस्वीचे खिसे तपासून जे निघेल ते तू त्यात टाकायचास. अंगठी, नाणं, अंगाऱ्याची पुडी, चिंगम. चार चाकांखाली लिंबं ठेवून पूजा झाली की ती चारही गाडीखाली चिरडली का, ते वाकून मोजायचास आणि साली वेचून टाकायचास. एकदा मंगलनं देवीचा फोटो आत चिकटवला होता, तो तू नखानं सोडवून काढलास आणि तिच्या तोंडावर म्हणालास, "वैनी, गाडीत माणूस नि पट्टे. तिसरं कोण बी नको, देव बी नको." दोन दिवस ती तुझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनंच तुला पोळ्या बांधून दिल्या.

वडगावात तुझ्या वडिलांचे माग होते. माग ऐकून कुठला धागा तुटला ते कळतं, असं तू सांगायचास आणि इंजिनाला तसाच कान लावायचास. असला माणूस ब्रेकचा पाईप आवळायला विसरेल हे ज्याला पटेल त्यानं तुला कधी काम करताना बघितलेलं नाही. मी तर बारा वर्षं बघत होतो.

दुपारचं जेवून आलो. पुढं लिहितो.

त्या दिवसाचं जे तुला माहीत आहे ते असं. शर्यतीच्या पहिल्याच फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, सतरा नंबर वळलीच नाही. रस्त्यावर ब्रेकचा डाग नव्हता. धडकेत पुढचं सगळं चेपलं, ब्रेकचा पाईप निसटून तेल सांडलं होतं. चौकशीवाल्यांनी ते तेल बघितलं आणि लिहून टाकलं, पाईप नीट आवळलेला नसावा. सकाळी पाईप तू बदलला होतास. झालं. स्वरूपला दवाखान्यात नेलं तेव्हाच तो गेलेला होता, हे आपल्याला नंतर सांगितलं.

आता जे तुला माहीत नाही ते.

गाड्या रांगेत लागल्या होत्या. तू तपासणी करून, डब्याचं झाकण लावून, तेजस्वीच्या मागच्या चाकाकडं गेलास. मी स्वरूपजवळ थांबलो. तेवढ्यात मंगलचा व्हिडिओ कॉल आला. आदल्या मंगळवारी ती सौंदत्तीच्या देवीला जाऊन आली होती, ओटीतलं एक लिंबू तिनं माझ्या हातात दिलं होतं, ते माझ्या खिशात होतं. "ठेवलासा का? दाखवा बघू." मी खिशातून काढलं आणि स्वरूपच्या कमरेजवळ, सीट आणि पत्र्याच्या फटीत ठेवलं. फोन तिकडं फिरवला. तिनं बघितलं, हात जोडले.

स्वरूप हेल्मेटमधून हसला. म्हणाला, "आईला दाखवा आन् काढून घ्या आप्पा. कल्लाप्पाकाकानं बघितलं तर मला गाडीतनं उतरवंल."

मला बोललेलं त्याचं हे शेवटचं वाक्य. काढून घ्या.

मंगल फोनवर आणखी काहीतरी सांगत होती. गाड्यांजवळून बाजूला व्हायचा भोंगा झाला. निळ्या टीशर्टवाल्या एकानं मला खांद्याला धरून बाजूला ढकललं. मी फोन कानाला लावून चालत भिंतीपलीकडं आलो आणि तिथं मला आठवलं.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. मला आठवलं, कल्लाप्पा. गाड्या अजून सुटायच्या होत्या. आधी सगळ्यांची एक संथ चक्कर असते, रांग लावायला. ती चक्कर चालू होती. रेडिओ तुझ्या कानाला होता. तू माझ्यापासून चार पावलांवर उभा होतास. मी एवढंच म्हणायचं होतं की त्याला आत बोलाव. त्यानं नुसतं सगळ्यांच्या मागून सुरू केलं असतं, एवढंच नुकसान.

मी बोललो नाही. तू चिडशील म्हणून. तुझा नियम मालकानंच मोडला म्हणून बाकीच्या टीमवाल्यांसमोर तू मला झापशील आणि ते हसतील म्हणून. एवढंसं लिंबू, ते काय करणार आहे, असं मी मनात म्हटलं. तू माझ्याकडं बघून अंगठा दाखवलास. मीही दाखवला.

नंतर अँब्युलन्समध्ये मला चढू दिलं नाही, तेव्हा मागं मोडकी गाडी ट्रकवर चढवताना मी पायांच्या जागेत हात घातला. कमरेजवळचं ते लिंबू घरंगळत पुढं जाऊन ब्रेकच्या पायपट्टीमागं अडकलेलं होतं. चपटं झालेलं, साल फाटलेलं. त्यानं ते दाबलं होतं रे. पोरानं जीव खाऊन ब्रेक दाबला होता. पट्टी मागं जायला जागाच नव्हती.

मी ते काढून खिशात टाकलं. कोणी बघितलं नाही.

आणि तासाभरानं दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू माझ्याकडं धावत आलास. मी तुझी गचांडी धरली. सगळ्यांसमोर ओरडलो, "पाईप आवळला न्हाईस तू. माझं पोर मारलास." तू म्हणालास, "आवळलाय आप्पा. दोनदा आवळलाय." मग माझ्या तोंडाकडं बघत बसलास. आणि हळूच म्हणालास, "आवळला हुता न्हवं?"

तेव्हा लिंबू माझ्या खिशात होतं. ओलं होतं, मांडीला गार लागत होतं.

पुढं चौकशीत मला विचारलं, काही सांगायचं आहे का. मी नाही म्हणालो. तू बाराव्याला आलास, दाराबाहेर उभा राहिलास, मी आत ये म्हणालो नाही. भावकूनं तुला चहा नेऊन दिला, तो तू उभ्यानं पिऊन गेलास. वडगावातलं घर भाड्यानं देऊन बायकोच्या गावी गेलास हे मला लोकांकडून कळलं. उद्यमबागेत तुला कोणी काम दिलं नाही, कारण मी कोणाला काही सांगितलं नाही. एक शब्द बोललो असतो तर दहा शेडवाले तुला न्यायला आले असते.

मी का गप्प बसलो ते सांगतो. मंगलचा जीव वाचवायला. लिंबू तिनं दिलेलं. तिला हे कळलं असतं तर ती जगली नसती. तिनं तर उलटंच धरलं आहे. "लिंबू ठेवून बी असं झालं," म्हणाली आणि देव्हारा बंद केला. तीन नवरात्रं झाली, ही चौथी, आमच्या घरी घट नाही. देवीनं तिचं लिंबू नाकारलं असं तिला वाटतं. तिला मी काय सांगू? नाकारलं नाही, ते ब्रेकमागं अडकलं? म्हणून मी तुझा बळी दिला आणि तिला राखलं. बाप म्हणून चुकलो, नवरा म्हणून तरी

थांबतो. मंगल जेवायला हाक मारते आहे.

शनिवार, दि. २७ सप्टेंबर

कल्लाप्पा, वरचं पत्र मी मापाच्या व्हर्नियरच्या पेटीत ठेवलं होतं. त्याच पेटीत ते लिंबूही होतं, वाळून सुपारीएवढं झालेलं. काल मी बँकेत गेलो होतो. भावकूला व्हर्नियर हवा होता, तो घरी मागायला आला आणि मंगलनं पेटी उघडली.

मी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मांडीवर पत्र, तळहातावर लिंबू. भावकू दारात उभा होता, तो मला बघून निघून गेला. मी तिच्यासमोर बसलो. कुकरखालचा गॅस मीच उठून बंद केला.

मला वाटलं ती छाती बडवून घेईल. मला वाटलं म्हणेल, मीच मारलं माझ्या पोराला. तीन वर्षं मी ज्याला भीत होतो ते आता होणार म्हणून मी तिचे हात धरायला पुढं सरकलो. तिनं हात मागं घेतले.

म्हणाली, "त्यानं काढून घ्या म्हणलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली.

"आन् कल्लाप्पा भावजी चार पावलांवर हुते."

मी परत मान हलवली.

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण तिनंच लिहायला सांगितलं आहे. "पोरगं गेलं ते लिंबवानं. त्यात मी बी हाय, तुमी बी हायसा. मी फोन केला नसता तर ते तुमच्या खिशातच ऱ्हायलं असतं. ते माझं मी बघीन. पर जिता माणूस मारला तो तुमी एकट्यानं. आन् त्येला माझं नाव लावलासा. माझा जीव राखायला म्हणं! मी कवा म्हणलं हुतं, त्येचा जीव घ्या नि माझा राखा? खोडा ते वाक्य."

मी पेन घेतलं. मग तीच म्हणाली, "नगं, ऱ्हाऊ द्या. त्यास्नी बी वाचू द्या तुमी काय लिवलंतं."

म्हणून ते वाक्य वर तसंच आहे, आणि ते खोटं आहे. मंगलसाठी मी गप्प बसलो नाही. मी भ्यालो म्हणून गप्प बसलो. लोक म्हणतील, बापानंच, तेवढ्यासाठी. भिंतीजवळ तुला सांगायला जसा भ्यालो तसाच पायऱ्यांवर भ्यालो, तसाच चौकशीत, आणि मग रोज थोडं थोडं. सवयच लागली. मंगलचं नाव पुढं केलं की मला स्वतःलाच मी चांगला माणूस वाटायचो. तिला एकदा विचारलंही नव्हतं.

नंतर ती उठली. कपाटावरून तुझा डबा खाली काढला. त्या दिवशी स्वरूपकडून तू काढून घेतलेलं सगळं त्यात तसंच आहे. अंगठी, दोन रुपयांचं नाणं, एक काळा दोरा. तिनं ते लिंबू त्यात ठेवलं. म्हणाली, "हितं असायला पायजे हुतं." आणि झाकण लावायला गेली तर ते बसेना. मी मदतीला गेलो तर म्हणाली, तुमी नगा. शेवटी तिनंच बसवलं. मग भिंतीला टेकली आणि रडली, स्वरूपचं नाव घेऊन, पहिल्या दिवशी रडली होती तशी. मी शेजारी बसलो होतो. तिनं मला जवळ येऊ दिलं नाही.

आज पहाटेच्या बसनं ती बोरगावला भावाकडं गेली. कधी येणार ते बोलली नाही, मी विचारलं नाही. देव्हारा अजून बंद आहे.

मी काय केलं ते आता सांगतो. यातलं सगळं, लिंबू, रेडिओ, पायऱ्या, साध्या भाषेत लिहून चौकशीवाल्यांना पाठवलं. सही केली. त्याचीच एक प्रत आज सकाळी शेडच्या दारावर चिकटवली, बोर्डच्या खाली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी. कन्नडमध्येही लिहवून घेतली, त्यासाठी समोरच्या शेडमधल्या कुमारला आधी सगळं सांगावं लागलं. दुपारपर्यंत दहा-पंधरा जण वाचून गेले. एकानंही माझ्याशी डोळा भिडवला नाही. भावकूनं वाचलं, लेथ बंद केला, हात धुतले आणि घरी गेला. बारा वर्षांत तो पहिल्यांदा साडेबाराला घरी गेला.

हे पत्र उद्या तेजस्वी तुझ्या हातात देईल. बरोबर डबा देईल. मी स्वतः येणार होतो, पण मी समोर आलो तर तू चांगुलपणानं आधी मलाच बसायला खुर्ची देशील, आणि ते मला नको आहे. डबा उघडायचा की नाही ते तू ठरव. तो तुझा आहे, त्यातलं सगळं तपासायचा हक्क तुझा होता, आणि एकच वस्तू मी तुझ्यापासून लपवली.

बुधवारी खंडेनवमी. तुझ्या पान्यांची पेटी शेडमध्ये तू ठेवलीस तशीच आहे. तीन वर्षं बाकीच्या हत्यारांची पूजा झाली, त्या पेटीला हळदकुंकू लावायला माझा हात धजला नाही. तू ये असं मी म्हणत नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायलाही तोंड लागतं. तेजस्वीची गाडी कर किंवा करू नको. माझ्यासाठी काही करू नको.

एकच कर, आणि ते माझ्यासाठी नाही. उद्या घरी जाताना पुलाचा उतार आला की गाडीवरून उतरू नको. बसून राहा, आणि ब्रेक दाबून बघ. लागेल. त्या दिवशीही लागला असता.

आप्पा अशी सही करवत नाही.

जोतिबा रामा चौगुले,
ज्यानं लिंबू ठेवलं तो.